प्रकल्प नोंदी : शून्य चाचण्या, ‘ओके’

१६ ऑगस्ट २०२५

गेल्या शनिवारी डेबियन या लिनक्स प्रणालीची १३ वी आवृत्ती (ट्रिक्सी) आली. आज सुट्टी होती म्हणून लॅपटॉप १२ वरून १३ वर नेला आणि सवयीने आपल्या अकारविल्हे साधनावर (वाचनालयाच्या सूचीतले शब्द मराठी वर्णक्रमाने लावणारा प्रोग्राम) ‘मेक चेक’ चालवलं, म्हणजे सगळ्या चाचण्या घेणारी आज्ञा. ते थांबलं. एक्झिट कोड ५ (प्रोग्राम संपताना जो आकडा परत देतो तो). आधी वाटलं, अपग्रेडमध्ये काहीतरी मोडलं असावं. पडद्यावर ओळ होती : ‘नो टेस्ट्स रॅन’.

तासभर उलटसुलट पाहिल्यावर उलगडा झाला. मोडलं होतं ते आज नाही, मार्चमध्येच. तेव्हा मी चाचण्यांच्या सगळ्या फायलींची नावं ‘टेस्ट_’ऐवजी ‘चाचणी_’ने सुरू होतील अशी बदलली. प्रकल्प मराठीचा, तर फायलींची नावंही मराठी असावीत, एवढाच हेतू. पायथन भाषेसोबत येणारं युनिटटेस्ट हे साधन आपणहून चाचण्या शोधतं, पण शोधतं ते ‘टेस्ट’ने सुरू होणाऱ्या फायलींतच. ‘चाचणी’ त्याला माहीत नाही. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ होतं. शून्य चाचण्या सापडल्या तर ते ‘रॅन ० टेस्ट्स’ असं छापून खाली ‘ओके’ लिहायचं आणि एक्झिट कोड ० द्यायचं. पायथन ३.१२ पासून हे बदललं : एकही चाचणी चालली नाही तर कोड ५. ट्रिक्सीत ३.१३ आहे, म्हणून आज कळलं.

म्हणजे पाच महिने रोज जो ‘ओके’ पाहून मी बदल पुढे पाठवत होतो, त्यामागे एकही चाचणी नव्हती.

फायलींचा नमुना हाताने देऊन चालवलं. ६१ चाचण्या, ४ फेल.

१७ ऑगस्ट

चारही फेल खऱ्या आहेत. चाचणीत चूक नाही, साधनात आहे.

दोन ‘ळ’च्या. आमच्या वाचनालयाच्या नोंदवहीत वर्णक्रम पारंपरिक आहे : य र ल व श ष स ह, मग ळ, क्ष, ज्ञ. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारी पद्धत) ल आहे ०९३२ वर आणि ळ लगेच पुढे ०९३३ वर, ह तर पार ०९३९ वर. त्यामुळे नुसत्या संकेतांकांवर लावलं की ‘काल, काळ, काव्य, कासव, काही’ असा क्रम येतो. हवा तो ‘काल, काव्य, कासव, काही, काळ’. एप्रिलमध्ये मी क्रमाचा तक्ता ‘सुटसुटीत’ केला, त्यात ळची ओळ गळली.

तिसरी ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी टंकलेल्या नोंदींत अ वर चंद्र देऊन ते दोन खुणांनी लिहिलेलं असतं. डोळ्याला दोन्ही सारखंच, पण संकेतांक वेगळे, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक मानत नाही. आपणच मानावं लागतं. चौथी ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या ऱची. तो कोणी ऱ आणि हलन्त असा लिहितो, तर कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (२००डी) असा.

चारही गोष्टी मार्चपूर्वी नीट चालत होत्या. चाचण्या त्यासाठीच लिहिल्या होत्या, आणि वर्षभर त्यांनी कामही केलं होतं.

संध्याकाळी ग्रंथपाल बाईंना फोन केला. जूनमध्ये याच साधनाने सूची काढून तीन प्रती छापल्या होत्या. बाईंना ते तेव्हाच दिसलं होतं. त्यांनी तिन्ही प्रतींत पेन्सिलने बाण काढून ठेवलेत. “अहो, मला वाटलं संगणकाला ळ कळत नसेल. तुम्ही एवढं करून दिलंत, त्यात आणखी काय सांगायचं.”

ही गोष्ट मला चुकीपेक्षा जास्त लागली. बाईंनी आपलं बरोबर असलेलं म्हणणं सोडून दिलं, कारण यंत्र छातीठोकपणे ‘ओके’ म्हणत होतं.

२३ ऑगस्ट

तक्ता दुरुस्त, ६१ पैकी ६१ पास. पण एवढ्यावर सोडणार नाही. आठवडाभर मनात एकच प्रश्न घोळतोय : चाचणी चालली, हे कोण कोणाला सांगतं आणि कोणत्या शब्दांत?

माझ्या लॅपटॉपवर मी होतो. कुठली आज्ञा द्यायची, कुठल्या फोल्डरमधून, कुठलं आउटपुट दुर्लक्षायचं, सगळं माझ्या डोक्यात. आपोआप चाचणी घेणाऱ्या यंत्राला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला आधीच ठरलेल्या तीन-चार गोष्टी लागतात : चाचण्या कुठे आहेत, कशा चालवायच्या, काय काय आधी बसवलेलं लागेल, आणि निकाल कसा वाचायचा.

निकालाचा सगळ्यात जुना करार म्हणजे एक्झिट कोड. युनिक्समध्ये ० म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. जगातलं प्रत्येक साधन हे समजतं. मात्र त्यात ‘चाललीच नाही’ याला जागा नाही. म्हणून पुढे लोकांनी आकडे वाटून घेतले. ऑटोमेक या कोड बांधण्याच्या साधनात ७७ म्हणजे ‘स्किप’ (चाचणी सोडून दिली) आणि ९९ म्हणजे चाचणी घेण्याची व्यवस्थाच कोलमडली. त्याच कामाच्या मेसॉननेही हेच दोन आकडे उचलले. लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) सेल्फटेस्टमध्ये स्किप म्हणजे ४. पायथनसाठीच्या पायटेस्ट या साधनात ५ म्हणजे एकही चाचणी सापडली नाही, आणि पायथनच्या स्वतःच्या युनिटटेस्टनेही उशिरा का होईना हाच आकडा घेतला. या ५ ची किंमत मला आता कळते.

३० ऑगस्ट

गणपतीची गडबड चालू आहे, पण दुपारी दोन तास मिळाले.

टॅप घ्यायचं ठरवलं, म्हणजे टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल, चाचण्यांचे निकाल छापण्याची एक ठरलेली रीत. हे पर्ल या प्रोग्रामिंग भाषेबरोबर जन्मलं. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल १ प्रसिद्ध केलं, तेव्हा त्याच्या चाचण्या अशाच साध्या ओळी छापायच्या : ‘ओके १’, ‘ओके २’, ‘नॉट ओके ३’. आधी एक ओळ, एकूण किती ते सांगणारी : ‘१..६१’. बस. कुठलीही लायब्ररी नको. ज्या भाषेला ओळ छापता येते ती टॅप बोलू शकते. म्हणूनच ते पर्लच्या बाहेर इतकं पसरलं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या चाचण्या टॅप छापतात, पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये तर ‘टॅप टेस्ट्स’ असं नावच आहे, आणि कर्नलने स्वतःसाठी केटॅप नावाची बोली बनवली.

मला यात सगळ्यात आवडतो तो ‘१..६१’. याला प्लॅन म्हणतात. पंगत बसण्याआधी पानं मोजून मांडावीत तसं हे आहे : किती जण जेवणार ते आधी बोलायचं. स्क्रिप्ट चाळिसाव्या चाचणीवर गपचूप मेली, तर चाळीस ‘ओके’ छापलेले असतील, एकही ‘नॉट ओके’ नसेल, तरी वाचणारा म्हणतो : प्लॅन चुकला, ६१ म्हणाला होतास, ४० च चालल्या. आणि फेल करतो. मार्चमध्ये प्लॅन असता, तर ‘६१ म्हणालास, ० चालल्या’ हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

यासाठी एक पथ्य मात्र पाळावं लागतं. प्लॅनचा आकडा स्क्रिप्टने शेवटी स्वतःच मोजून छापला (टॅपमध्ये तशी मुभा आहे), तर शून्य चालल्या तेव्हा तो ‘१..०’ छापेल आणि प्रश्न तिथेच परत येईल. म्हणून आकडा मी यादीच्या फाइलीत पहिल्या ओळीवर हाताने लिहिणार. यादीत शब्द वाढवले की तोही वाढवायचा. त्रासाचं आहे, पण हवं आहे.

६ सप्टेंबर

विसर्जनाच्या मिरवणुकीचा आवाज येतोय. खिडक्या लावून काम केलं.

चाचण्या आता डेटावर चालतात. एका साध्या मजकूर फाइलीत प्रत्येक ओळीवर एक शब्दगट, बरोबर क्रमात लिहिलेला. स्क्रिप्ट तो पिसते, परत लावते आणि मूळ ओळीशी ताडून पाहते. बाईंचे पेन्सिलचे बाण फोटो काढून मागवले. त्यातून ११ नवे गट मिळाले, आता ७२. क्षितिज, क्षमा, ज्ञानेश्वरी हे शब्द कुठे यावेत हेही त्यात आहे. यावर कोशाकोशांत मतभेद आहेत. काही क्ष ला क च्या पोटात घालतात, कारण तो क अधिक ष आहेच, आणि युनिकोडमध्येही तसाच लिहिला जातो. आमच्या वाचनालयाची पद्धत शेवटी ठेवण्याची. मी ते पर्याय म्हणून ठेवलं आहे आणि चाचणीच्या नावात ‘वाचनालय पद्धत’ असं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे उद्या कोणी ही चूक समजून ‘दुरुस्त’ करणार नाही.

चालवायला पर्लचं ‘प्रूव्ह’. ते टॅप वाचतं, प्लॅन तपासतं, शेवटी गोषवारा देतं. जुन्या दोन नोंदींतला अर्धा ऱ अजून सुटत नाही (जोडक चुकीच्या जागी पडलेला आहे), म्हणून त्या चाचणीला ‘टूडू’ लावलं. टॅपमध्ये ‘नॉट ओके’ पुढे टूडू असेल तर ते बिघाड धरत नाही, पण ओळ दिसत राहते. आणि ती अचानक पास झाली तर प्रूव्ह तेही सांगतं. झाकून न ठेवता बाकी ठेवण्याची ही सोय फार चांगली आहे.

ज्युनिट एक्सएमएल या निकालाच्या दुसऱ्या साच्याचाही विचार केला. ऑफिसात आपोआप चाचण्या घेणारा जेनकिन्स तेच वाचतो. पण त्याचं एकच अधिकृत असं वर्णन नाही, प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीने लिहितं. शिवाय मला निकाल बाईंनाही वाचता यायला हवा. ‘नॉट ओके ३७ – काल, काव्य, काळ’ ही ओळ त्या वाचू शकतात. एक्सएमएल नाही.

१४ सप्टेंबर

आता पुढची पायरी. आम्ही साधनाचं डेब पॅकेज (डेबियनवर बसवायचा तयार गठ्ठा) देतो, तर चाचणीही डेबियनच्या ठरलेल्या रीतीने चालावी. ही रीत डेप-८ या दस्तऐवजात मांडली गेली, आणि ती चालवणारं साधन म्हणजे ऑटोपीकेजीटेस्ट. पॅकेजच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) ‘डेबियन’ फोल्डरात ‘टेस्ट्स’ फोल्डर, त्यात ‘कंट्रोल’ नावाची फाइल. तिच्यात चाचण्यांची नावं, त्यांना लागणारी पॅकेजेस (नुसतं @ लिहिलं की याच सोर्समधून बनलेली सगळी पॅकेजेस), आणि अटी : रूट (यंत्रावरचा सर्वाधिकार) लागेल का, वेगळा कंटेनर (बाकी यंत्रापासून अलग ठेवलेली जागा) लागेल का, वगैरे. आमची फाइल चार ओळींची झाली.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत यालाच समांतर गोष्टी आहेत. तिथे आधी स्टँडर्ड टेस्ट इंटरफेस होता, अन्सिबल या साधनाच्या प्लेबुकवर (कामांच्या यादीवर) उभा. आता टीएमटी हे साधन वापरतात. कॉलेजचा मित्र फेडोरावाला आहे, त्याला पुढे चालवायला देणार.

आधी ‘नल’ पद्धतीने चालवलं, म्हणजे कंटेनर न घेता इथेच, या लॅपटॉपवर. पास. मग पॉडमन या साधनाने बनवलेल्या कोऱ्या कंटेनरमध्ये. फेल.

प्रूव्हचा गोषवारा मात्र ७२ पैकी ७२ पास. मग फेल कशाने? डेप-८ चा एक कडक नियम आहे : चाचणीने स्टँडर्ड एररवर (तक्रारी छापायच्या वेगळ्या वाटेवर) काहीही लिहिलं तर ती फेल, एक्झिट कोड ० असला तरी. आणि तिथे पर्लची ती प्रसिद्ध तक्रार पडलेली : लोकेल (भाषा आणि देशाची निवड) लावता आलं नाही. माझ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘भाषा मराठी, देश भारत’ असं लोकेल लावणारी ओळ आहे. लॅपटॉपवर ते लोकेल तयार आहे. कोऱ्या कंटेनरमध्ये नाही. प्रूव्ह पर्लमध्ये लिहिलेलं, म्हणून त्याने बोंब मारली.

तीन वाटा होत्या. ‘अलाउ-एसटीडीएरर’ ही अट टाकून तक्रार सोडून द्यायची. किंवा सगळी लोकेल्स असलेलं पॅकेज गरजांत लिहायचं. किंवा ती ओळच काढायची. पहिली वाट एका शब्दाची, आणि मी ती जवळजवळ घेतली होती. पण विचार केला : आमचा क्रम आमच्या तक्त्यावर लागतो, लोकेलकडे तो पाहतच नाही. मग ओळ हवी कशाला? कोणे एके काळी ‘सॉर्ट’ आज्ञा वापरायचो त्याचा तो अवशेष. आणि ‘सॉर्ट’ तर आणखी घातक : लोकेल सापडलं नाही की ती काहीही न बोलता नुसत्या बाइटच्या क्रमाने लावते. पर्लने निदान तोंड उघडलं. ओळ काढली. पास.

२० सप्टेंबर

आजची सगळ्यात मोलाची चूक.

कंटेनरमध्ये पास झालं म्हणून खूश होतो. झोपताना शंका आली : स्क्रिप्ट सोर्सच्या फोल्डरातच उभी राहून चालते. पायथन मॉड्यूल आधी कुठे शोधेल? त्याच फोल्डरात. मग मी पॅकेज तपासतोय की सोर्स?

सकाळी पडताळलं. सोर्सच तपासत होतो. बसवलेल्या पॅकेजला हातही लागत नव्हता. ऑटोपीकेजीटेस्ट चाचणीला एक तात्पुरतं फोल्डर देतं, त्याची वाट एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असते. पहिल्या ओळीला तिकडे जायचं आणि मग चालवायचं. तसं केलं. ७२ पैकी ७२ नॉट ओके.

क्रमाचा तक्ता पॅकेजमध्ये गेलाच नव्हता! एप्रिलमध्ये तो वेगळ्या फाइलीत काढला, आणि ती फाइल बसवायच्या यादीत घालायची राहिली. म्हणजे कोणी आमचं पॅकेज बसवून वापरलं असतं तर साधन पहिल्याच शब्दाला पडलं असतं. आम्ही वाचनालयात सोर्समधूनच चालवतो म्हणून वाचलो.

बांधताना घेतलेली चाचणी आणि बसवल्यानंतरची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचलं अनेकदा होतं. डेब बांधताना चाचण्या चालतात, फेडोराच्या आरपीएम पॅकेजांत त्यासाठी ‘चेक’ विभाग असतो. तिथे सोर्स बरोबर आहे एवढंच कळतं. लोकांच्या हातात जे पडतं ते दुसरंच असू शकतं. डेबियनमध्ये तर हे आणखी पुढे जातं : एखादी लायब्ररी बदलली की तिच्यावर टेकलेल्या पॅकेजेसच्याही चाचण्या चालवल्या जातात, आणि त्यातली एखादी नव्याने मोडली तर लायब्ररीचं ‘टेस्टिंग’मध्ये (पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या शाखेत) जाणं अडतं. हजारो पॅकेजेस, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेली, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची. त्या चार ओळींच्या कंट्रोल फाइलीशिवाय हे शक्यच नाही.

२८ सप्टेंबर

छपाईची चाचणी. ही सूचीची पीडीएफ काढून पाहते, तिला लोहित देवनागरी फॉन्ट लागतो. जुन्या कोडमध्ये लिहिलेलं : फॉन्ट नसेल तर परत फिर. म्हणजे फॉन्ट नसला की चाचणी न होताच पास. मार्चचीच गोष्ट, फक्त लहान आकाराची, आणि लिहिणारा पुन्हा मीच.

आता दोन बदल. फॉन्टचं पॅकेज गरजांत लिहिलं, म्हणजे डेबियनमध्ये ते बसेलच. आणि इतरत्र नसेल तर कारणासह ‘स्किप’ छापून ७७ ने बाहेर. डेप-८ मध्ये ७७ चालण्यासाठी ‘स्किपेबल’ अट लिहावी लागते. नाहीतर तोही बिघाडच धरला जातो. हे मला पटलं. सुटका हवी असेल तर आधी सांगून ठेवायची.

नुसतं ‘व्हर्जन’ विचारणारी एक चाचणी होती, तिला ‘सुपरफिशियल’ (वरवरची) लावलं. तिच्या एकटीच्या जोरावर पॅकेज तपासलं गेलं असं कोणी धरणार नाही.

ऑटोपीकेजीटेस्टचे स्वतःचे एक्झिट कोड आज नीट वाचले. ० सगळं पास, २ काही स्किप, ४ काही फेल, ६ दोन्ही. आणि ८ : या पॅकेजमध्ये चाचण्याच नाहीत, किंवा वरवरच्या सोडून बाकी सगळ्या स्किप झाल्या. त्या ८ वर बराच वेळ नजर खिळून राहिली.

५ ऑक्टोबर

दसऱ्याला मित्राला दुवा पाठवला होता, सोबत एकही सूचना नाही. मुद्दामच. फोन करून विचारायचं नाही, एवढीच अट.

आज उत्तर आलं : “अरे, प्रूव्ह चालवलं. ७२ पैकी ७२, एक टूडू. छपाई स्किप, फॉन्ट नाही म्हणतंय. बरोबर आहे, माझ्याकडे नाहीये.” त्याला मराठीचा वर्णक्रम माहीत नाही, घरी कन्नड बोलतात. तरी त्याला कळलं काय चाललं, काय नाही आणि का नाही. अर्धा तास लागला, त्यातला बराचसा डाउनलोडला.

११ ऑक्टोबर

वाचनालयात गेलो. सूचीच्या नव्या तीन प्रती दिल्या, ळ जागेवर. बाईंनी जुन्या प्रती शेजारी ठेवून एकेक बाण ताडून पाहिला. दोन तास लागले. मी चहा घेत बसलो होतो, घाई केली नाही.

मग निकालाचा कागद दाखवला, टॅपच्या ७२ ओळी. टूडूवर बोट ठेवून विचारलं, “हे काय राहिलंय?” जोडकाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या दोन नोंदी जुन्या टंकलेखकाच्या यादीतून आलेल्या आहेत, तशाच आणखीही असतील, बघून सांगते.

१२ ऑक्टोबर

बाईंचा संदेश, सकाळी सव्वासातला. वहीच्या पानाचा फोटो, १२ शब्दगट, सुवाच्य अक्षरात, प्रत्येकापुढे बरोबर क्रम. खाली लिहिलंय : “यातले पाच तुमच्या संगणकाला जमतील असं वाटत नाही. पण चुकले तर चुकले असं दिसू दे.”

यादीत घातले. पहिल्या ओळीवरचा ७२ खोडून ८४ केला. चालवलं : पाच नाही, तीन नॉट ओके. ७५, ७९ आणि ८१. तिन्हींत अर्धा ऱ आहे. टूडू लावलेलं नाही. आज संध्याकाळी ७९ पासून सुरुवात.